दोरा बांधलेली वायर

दौंड, रेल्वे क्वार्टर
११ जानेवारी १९९८

ती. साहेबराव मामांस,
सतीशचा सविनय जय भीम.

हौशीरामबरोबर एक गिटार पाठवत आहे. हौशीराम आमच्या गायन पार्टीत ढोलकीला असतो. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही त्याला पाहिलं होतं. गिटार विजेवर चालणारी आहे. आमच्या लायनीतले गार्डसाहेब रिटायर होऊन मुलीकडे बेंगलोरला कायमचे निघाले. दोन वर्षं मी ड्युटीनंतर त्यांच्याकडे शिकायला बसत होतो. सामान बांधताना त्यांनी मला हाक मारली आणि ही हातात दिली.

तारांच्या खाली तिच्यात दोन पिकअप आहेत. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली कॉइल. वरची तार हलली की कॉइलमध्ये बारीकसा करंट तयार होतो आणि केबलमधून अँप्लिफायरला जातो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. दोनातला एक पिकअप मेला आहे. कोणता पिकअप चालू ठेवायचा ते ठरवणारा स्विच तुटला आहे. आणि सारखा घूं असा आवाज येतो, गाण्यापेक्षा तोच मोठा.

इथल्या रेडिओवाल्याने हात लावला नाही. तुम्ही चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारी वाइंड करता, म्हणून तुमच्याकडे पाठवली. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू होतील. आजवर मी पार्टीत मागे बसून कोरस धरला. यंदा गिटार घेऊन पुढे उभं राहायचं ठरलं आहे. तेवढं करून द्या.

मोनाली तुम्हाला जय भीम सांगते.

तुमचा भाचा
सतीश

⁂

न्हावरे
२६ जानेवारी १९९८

चि. सतीश यास,
मामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

गिटार पोचली. हौशीराम म्हणाला, एसटीत मांडीवरच धरून आणली. पण तिच्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. तो आधीचा आहे का ते आधी लिही. माझ्या दुकानात उडाला असं कोणी म्हणायला नको.

चार दिवस मी ती उघडलीच नाही. पाच हॉर्सपॉवरची मोटार मी विचार न करता फोडतो. ही मात्र भिंतीला टेकवून ठेवली आणि येता-जाता बघत बसलो. परक्या माणसाने जपलेली वस्तू. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तिच्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. शेवटी पाचव्या दिवशी स्क्रू काढले.

आत मोटारीसारखंच आहे, फक्त सगळं बारीक. चालू कॉइल मीटरवर साडेसात हजार ओहम दाखवते. मेलेली काहीच दाखवत नाही, म्हणजे आतून तुटली. तिची तार केसापेक्षा बारीक आहे. असल्या तारेला मी आयुष्यात हात लावलेला नाही, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. होईल की नाही सांगता येत नाही. नाही झालं तर रागवू नको.

आणखी एक. ज्या लोखंडी पट्टीला तारा अडकवतात, तिच्याखालून एक काळी वायर पोटात येते. ती मध्येच तोडलेली आहे. टोकावर नळी सरकवली आहे आणि नळीवर दोरा गुंडाळून गाठ मारली आहे. कुठेच जोडलेली नाही. असं अर्धवट काम कोणी केलं? गार्डसाहेबांना विचार.

स्विच तीन जागी थांबणारा होता असं दिसतं. वर एक पिकअप, खाली दुसरा, मग मधल्या जागेचं काम काय? तेही लिही. उत्तर लवकर दे. तू उशीर केलास की मला नाही नाही ते सुचतं.

तुझा मामा
साहेबराव

⁂

दौंड
९ फेब्रुवारी १९९८

ती. मामांस,
सविनय जय भीम.

टवका जुना आहे, निश्चिंत राहा. गार्डसाहेब संक्रांतीनंतर गेले. त्यांचा तिकडचा पत्ता मी घेतला नाही, ही माझी चूक. त्यामुळे त्या वायरीचं विचारता येणार नाही. ती कशाची ते मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी उघडून पाहिलं नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुमच्या हातावर माझा भरवसा आहे.

मधल्या जागेवर दोन्ही पिकअप एकदम चालतात. साहेब म्हणायचे, खरा गोडवा तिथेच आहे. मला ती मधली जागा पाहिजे, मामा.

सतीश

⁂

न्हावरे
१ मार्च १९९८

चि. सतीश यास,
जय भीम आणि आशीर्वाद.

काम झालं. आधी हे लिहून टाकतो म्हणजे तू वाचताना घाबरणार नाहीस.

बारीक तार शिरूरला मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, "मामा, ही काय मोटारीची तार हाय व्हय? ही पुण्याला बघा." मग भंगारात एक जुना रिले सापडला, त्याच्या कॉइलची तार जमली. हाताने फिरवायच्या मशीनवर आठ हजार वेढे दिले. तीन वेळा तुटली. तिसऱ्या वेळी सहा हजारांवर तुटली तेव्हा मी उठून बाहेर जाऊन बसलो. पलीकडच्या चहाच्या टपरीतल्या अनसाबाई म्हणाल्या, "मामा, कुणी गेलं का काय?" म्हटलं, तार गेली.

चौथ्यांदा झाली. पण दोन्ही कॉइल एकदम लावल्या तर आवाज वाढायच्या जागी पातळ झाला, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. ते मात्र मला लगेच कळलं. माझी कॉइल उलटी पडली होती. एक पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते. मोटारीत असं झालं तर मोटार उठत नाही, नुसती कण्हते. दोन टोकांची अदलाबदल केली आणि आवाज भरला.

स्विचने माझा जीव खाल्ला. शिरूरहून बॅटरी चार्जरचा खटक्याचा स्विच आणला, तीन जागी थांबणारा. लावला तर मधल्या जागी सगळंच बंद. तो तसाच असतो, वर चालू, खाली चालू, मध्ये काही नाही. मग टेपरेकॉर्डरचा सरकता स्विच लावला, तो बदलताना भोंग्यातून फटाक्यासारखा आवाज यायचा. तू गाताना मध्येच असा आवाज आला तर लोक हसतील, या विचाराने मी तो काढून टाकला. शेवटी जुन्या रेडिओचा स्टेशनपट्टा बदलायचा गोल स्विच आठवला. तो पुढची जागा धरतो आणि मगच मागची सोडतो. मध्ये दोन्ही कॉइल एकत्र येतात आणि फट असं काही होत नाही. दिसायला तो त्या गिटारीवर शोभत नाही, शेगडीच्या बटणासारखा दिसतो. पण चुकणार नाही. पहिली जागा, दुसरी जागा, तिसरी जागा, मी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले आहेत.

राहिला घूं. सगळं झालं तरी तो जाईना. लग्नातल्या भोंग्याचा जुना अँप्लिफायर माझ्याकडे आहे, त्यावर तपासत होतो. केबल जिथे खुपसतात त्या लोखंडाला बोट लावलं की घूं कमी व्हायचा, बोट काढलं की पुन्हा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तारांना अर्थिंगच नाही! ती दोरा बांधलेली काळी वायर त्याचसाठी होती. कोणीतरी जोडायची विसरला. मी दोरा कापला, नळी काढली, टोक खरवडून आतल्या अर्थिंगला कथिलाचा पक्का डाग दिला. जोडली तसा घूं एकदम थांबला. दुकान इतकं शांत झालं की मला माझा श्वास ऐकू आला.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. गार्डसाहेबाला जे जमलं नाही ते न्हावऱ्यात झालं.

रविवारी येऊन ने. एसटीत कोणाच्या पायाशी ठेवू नको.

तुझा मामा
साहेबराव

⁂

न्हावरे
१८ मार्च १९९८

चि. सतीश यास,
जय भीम आणि आशीर्वाद.

रविवारी तू आलास, दुकानासमोर उभं राहून दोन गाणी वाजवलीस, स्टँडवरची माणसं जमली. अनसाबाई म्हणाल्या, "चाळीस वरसं मोटारी रडवल्या ह्या दुकानानं, आज पयल्यांदा गाणं निघालं." सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण मला थांबता येत नाही.

तुला मी सगळ्यांच्या देखत बोललो, की खात्याची परीक्षा दे, आयुष्यभर डब्यांखाली घुसून ब्रेक तपासणार आहेस का, गळ्यात गिटार अडकवून घर चालत नाही.  चहा अर्धा ठेवून पावणेपाचच्या गाडीने गेलास. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. माझ्या बहिणीचा, रंभाचा तू एकुलता. तुला काही कमी पडू नये एवढंच माझ्या मनात होतं. ते तोंडातून निघताना वाकडं निघालं.

गिटार नीट आहे ना, एवढं तरी लिही.

साहेबराव

⁂

दौंड
२ एप्रिल १९९८

ती. मामांस,
सविनय जय भीम.

कार्ड लिहितो आहे, रजेचा अर्ज द्यायला धावपळ आहे. गिटार उत्तम. घूं अजिबात नाही. पार्टीतले सगळे स्विचला हसले आणि आवाज ऐकून गप्प झाले. १९ तारखेला मांडवगण फराट्याच्या पुढे एका वस्तीवर आमचा मोठा कार्यक्रम आहे, ऊन उतरल्यावर सुरू होईल. तुम्ही या. पुढे बसा.

सतीश

⁂

न्हावरे
२८ एप्रिल १९९८

चि. सतीश यास,
जय भीम आणि आशीर्वाद.

मला येता आलं नाही. शिरूरच्या शिबिरात सोळा तारखेला डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून पडून होतो. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, दुकान बंद. आज पहिल्यांदा लिहायला बसलो, ओळी वाकड्या जातात.

कार्यक्रम कसा झाला? लोक किती होते? स्विचने दगा दिला का? मधल्या जागी आवाज जात असेल तर आतली पत्ती जरा दाबायची, एवढंच. घूं आला का? गेल्या दहा दिवसांत तुझं पत्र येईल असं वाटत होतं.

साहेबराव

⁂

दौंड
१२ मे १९९८

ती. मामांस,
मोनालीचा सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. हे ड्युटीवर आहेत, म्हणून मी लिहीत आहे. कार्यक्रम झाला. लोक पुष्कळ होते. स्विचची काही तक्रार नाही. तुम्ही डोळ्याला जपा, उन्हात जाऊ नका. इकडे सगळं ठीक आहे. हे सवड मिळाली की लिहितील.

मोनाली

⁂

न्हावरे
१९ मे १९९८

चि. सतीश यास,
आशीर्वाद.

मोनालीचं पत्र आलं. ते मी पाच-सहा वेळा वाचलं. सहा ओळी आहेत आणि एकही तुझी नाही. बारा तासांच्या ड्युटीतून माणसाला मामाला चार शब्द लिहिता येत नाहीत असं होत नाही. तू रागावला आहेस. मार्चमध्ये बोललो ते तुझ्या मनातून गेलं नाही, आणि बोलावूनही मी कार्यक्रमाला आलो नाही, असं तुला वाटत असेल. डोळ्याचं निमित्त केलं असंही वाटत असेल. डॉक्टरची चिठ्ठी आहे माझ्याकडे.

का स्विचने लाज घालवली आणि मोनाली माझं मन राखायला लपवते आहे? तसं असेल तर गिटार पाठव, मी स्वतः पुण्याला जाऊन हवा तो स्विच आणून लावतो. आणि परीक्षेचं मी पुन्हा काढणार नाही. तू वाजव. मरेपर्यंत वाजव, मी शब्द बोलणार नाही.

एक ओळ लिही. तुझ्या हाताने.

साहेबराव

⁂

न्हावरे
७ जून १९९८

चि. सौ. मोनाली हिस,
आशीर्वाद.

काल न्हावरे फाट्यावर हौशीराम भेटला. मला बघून तो पलीकडच्या बाजूला जायला लागला. मी हाक मारली, त्याच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "हौशीराम, सत्या माझ्यावर एवढा रागावलाय व्हय?" त्याने पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "मामा, तुमाला कुणी सांगितलंच न्हाई?"

मग त्याने सांगितलं. रस्त्याच्या कडेला, उभ्याउभ्याच.

पोरी, तू लपवलंस ते माझ्यासाठीच, हे मला कळतं. तुला बोल लावत नाही. पण आता मी जे लिहितो ते वाच आणि सतीशला वाचून दाखव.

हौशीराम म्हणतो, त्या दिवशी वस्तीवरची न्यूट्रल लाइन, म्हणजे करंट परत जायची वायर, तुटलेली होती. मांडववाल्याने लोखंडी सळई जमिनीत ठोकली, तिच्यावर दोन घागरी पाणी ओतलं आणि तिलाच न्यूट्रल धरून लाइट चालू केली. आमच्याकडे सगळे हेच करतात. मीही कितीदा केलं आहे. माती ओली आहे तोवर चालतं. त्याच्या बोर्डात अर्थिंगची वायरही त्याच न्यूट्रलला बांधलेली होती. एप्रिलचं ऊन. दीड तासात माती सुकली, आणि पाणी घालायचं ज्याच्याकडे होतं तो गाणं ऐकायला पुढे येऊन बसला. सळई सुकली की परत जाणारा करंट अडतो आणि अर्थिंगच्या वायरीतून अँप्लिफायरच्या बॉडीत येतो. बॉडीतून केबलमध्ये, केबलमधून गिटारीत.

गिटारीत आला तरी तो आतच राहिला असता, पोरी. सतीशचा हात फक्त तारांना लागतो. तारांना कसलीच वायर जोडलेली नव्हती. ती मी जोडली.

डाव्या हाताची बोटं तारांवर होती आणि उजव्या हाताने त्याने माईकची लोखंडी दांडी धरली, असं हौशीराम म्हणाला. तारांनी त्याला सोडलं नाही. कोणीतरी बोर्डाची वायर उपटली तेव्हा तो पडला. लोकांना वाटलं, गाण्याच्या रंगात खाली बसला.

गार्डसाहेबाने ती वायर अर्धवट सोडली नव्हती. त्याने ती काढून ठेवली होती. टोकाला नळी घातली होती, वर दोरा गुंडाळून गाठ मारली होती. मोडलेल्या वायरीला कोणी दोरा बांधत नाही. त्याला कधीतरी असाच झटका बसला असणार, म्हणून तो आयुष्यभर घूं ऐकत बसला. हे मला दोऱ्यावरून कळायला पाहिजे होतं. मी वाइंडर आहे. मोटार दुकानातून जाताना मी बॉडीला टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय सोडत नाही. चाळीस वर्षांत माझ्या मोटारीचा कोणाला झटका बसला नाही. आणि तो दोरा मी दाढीच्या पात्याने कापला, वर तुम्हाला बढाई मारून लिहिलं.

त्याचा हात आता कसा आहे? नोकरीचं काय झालं? खरं लिही. मी तिकडे यायला एसटीत बसलो होतो. चौफुल्याला उतरून परत आलो. तोंड दाखवायचं धाडस झालं नाही.

साहेबराव

⁂

दौंड
२८ जून १९९८

ती. मामांस,
सविनय जय भीम.

हे मी स्वतः लिहितो आहे. अक्षर वाईट आहे, उजव्या तळव्याची कातडी अजून ताणते. म्हणून इतके दिवस लिहिता आलं नाही. राग वगैरे काही नव्हता. मार्चमधलं तुमचं बोलणं मी दौंड येईपर्यंत विसरलो होतो. मोनालीला मीच सांगितलं होतं की तुम्हाला कळवू नको. तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घ्याल हे मला माहीत होतं, आणि तसंच झालं.

आता नीट वाचा. तुम्ही जोडलेली वायर मी कार्यक्रमाच्या आधीच कापली होती. मार्चच्या शेवटी घरी वाजवताना एकदा बोटांना मुंग्या आल्या, म्हणून मी गिटार उघडली आणि वायर कापून बाजूला केली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही. कार्डात घूं नाही असं लिहिलं ते तुमचं मन राखायला. तेव्हा त्या दिवशी करंट आला तो माईकच्या दांडीतून आला. तुमच्या कामाचा त्यात काही संबंध नाही. माझी शपथ.

उजवा हात बरा होईल. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत, ती आता तशीच राहतील असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. डब्यांच्या कामाला अनफिट केलं आहे. स्टोअरमध्ये बसायला दिलं आहे, नट-बोल्ट मोजून द्यायचे. नोकरी आहे, काळजी करू नका. गिटार मी आता काढत नाही.

तुम्ही आता झोपा, मामा. हौशीराम म्हणतो तुम्ही फार वाळलात.

सतीश

⁂

दौंड
१३ जुलै १९९८

ती. मामांस,
मोनालीचा सविनय जय भीम.

हे पत्र त्यांना न सांगता लिहिते. हौशीरामभाऊंबरोबर गिटार तुमच्याकडे पाठवत आहे. त्यांनी तुम्हाला काढत नाही असं लिहिलं, पण ते खरं नाही. रोज स्टोअरमधून आले की पलंगाखालून काढतात आणि मांडीवर घेतात. केबल लावत नाहीत. डाव्या हाताची ती दोन बोटं उजव्या हाताने उचलून तारेवर ठेवतात. ती घसरतात. पुन्हा ठेवतात. अर्धा-पाऊण तास हेच चालतं. मी स्वयंपाकघरातून बघते. आता मला बघवत नाही.

मी त्यांना म्हटलं, पार्टीला गिटार लागते आहे, हौशीरामभाऊ न्यायला आले आहेत. ते म्हणाले, "ने म्हणावं. पर आधी मला उघडू दे." मी म्हटलं, भाऊंची गाडी चुकेल, आणि पिशवीत घालून देऊन टाकली. त्यांना कशाला उघडायची होती ते मला कळलं नाही. तुम्ही ती तुमच्याकडेच ठेवा. परत पाठवू नका.

मोनाली

⁂

न्हावरे
२६ जुलै १९९८

चि. सौ. मोनाली हिस,
आशीर्वाद.

गिटार पोचली. हे पत्र वाचून चुलीत घाल. मला सांगायला दुसरं कोणी नाही आणि हे पोटात ठेवून मला राहता येत नाही.

सतीशचं पत्र आलं होतं, वायर मी आधीच कापली होती असं. ते पत्र मी उशाखाली ठेवलं होतं. खरं सांगतो, त्या पत्रावर मी पंधरा दिवस झोपलो. दुकान उघडलं, दोन मोटारी वाइंड केल्या. अनसाबाई म्हणाल्या, मामांच्या तोंडावर रंग आला.

काल गिटार उघडली. उघडायची नव्हती. वाटलं, आत काही ओलं झालं असेल तर पुसून ठेवू.

वायर जशीच्या तशी आहे. लोखंडी पट्टीपासून आतल्या अर्थिंगपर्यंत अख्खी. डाग माझाच आहे, माझा डाग मी ओळखतो, मी कथिल जरा जास्त घालतो. कुठे कापल्याची खूण नाही, पुन्हा जोडल्याची नाही. त्याने ती कधी उघडलीच नव्हती. आता तुला कळेल, गिटार देण्याआधी त्याला ती का उघडायची होती. त्याला ती वायर तेव्हा कापायची होती, माझ्या हातात पडायच्या आधी. तू घाई केलीस. तुझा दोष नाही.

पोराने माझ्यासाठी शपथ घेतली, आणि ती लिहिली त्याच जळलेल्या हाताने.

मी बराच वेळ तशीच उघडी ठेवून बसलो. जशी आहे तशी बंद करून ठेवली, तर त्याला कधीच कळणार नाही की मी पाहिलं. पण उद्या मी नसलो आणि कोणी ती वाजवायला नेली तर? गावोगावच्या सळया आहेतच. म्हणून मी ती वायर कापली. टोकावर नळी सरकवली, नळीवर दोरा गुंडाळला, गाठ मारली. गार्डसाहेबाची गाठ होती तशीच मारायचा प्रयत्न केला, तेवढी साफ आली नाही.

आता तू एक कर. मी जिवंत आहे तोवर सतीशला ती गिटार उघडू देऊ नको. त्याने उघडली तर त्याला तो दोरा दिसेल, आणि मला सगळं माहीत होतं हे त्याला कळेल. माझ्या माघारी कळलं तर चालेल.

सोबत त्याला वेगळं पत्र लिहिलं आहे. ते त्याला दे.

साहेबराव

⁂

न्हावरे
२६ जुलै १९९८

चि. सतीश यास,
मामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

पार्टीत सध्या वाजवणारं कोणी नाही म्हणून हौशीराम गिटार माझ्याकडे ठेवून गेला. पिशवीसकट माळ्यावर ठेवली आहे. मी ती उघडलेली नाही. ऑपरेशन झाल्यापासून बारीक स्क्रू मला दिसत नाहीत.

तुझं पत्र मिळालं तेव्हापासून मला झोप लागते. तू ती वायर वेळेवर कापलीस, हे शहाणपणाचं केलंस. मला वाईट वाटलं नाही. स्टोअरमध्ये पंखा आहे का ते लिही. बोटांना रोज कोमट तेल लावत जा, वळत नसली तरी लाव.

पुढेमागे कोणी चांगलं पोर गिटार मागायला आलं तर देऊन टाक, अडवून ठेवू नको. स्विच मजबूत आहे, अजून वीस वर्षं जाईल. तुझी वायर कापलेली आहे, तेव्हा घूं असा आवाज येणारच. त्याला सांग, तो आवाज येऊ दे. तो बंद करायला कोणाच्या दुकानात नेऊ नको.

तुझा मामा
साहेबराव